घरभाडे भत्त्यावरील करसवलत : तरतूद, गणित आणि पुरावा

प्रस्तावना

वेतनावर उपजीविका करणाऱ्या वर्गाच्या मासिक खर्चात घरभाडे ही सर्वात मोठी आणि टाळता न येणारी बाब असते. अन्नधान्य, कपडे वा प्रवास यांवरील खर्चात काटकसर करता येते. भाडे मात्र ठरल्या तारखेस ठरल्याप्रमाणे द्यावेच लागते. ही गरज लक्षात घेऊन नियोक्ता वेतनासोबत घरभाडे भत्ता देतो आणि आयकर कायद्याने त्या भत्त्याचा काही भाग करमुक्त ठेवला आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीमध्ये कार्यालयाच्या लेखा शाखेतून भाडेपावत्यांची मागणी होऊ लागली की या तरतुदीची आठवण होते आणि मार्च संपला की तिचा विसर पडतो.

या घाईगर्दीमुळे तरतुदीसंबंधी अनेक गैरसमज रूढ झाले आहेत. मिळालेला भत्ता संपूर्ण करमुक्त असतो, पावती जोडली की सवलत मिळतेच, कार्यालयात कागद वेळेत दिले नाहीत तर हक्क बुडतो, आणि सवलत घेणे नेहमीच फायद्याचे असते, या चारही समजुतींत तथ्य नाही. प्रस्तुत लेखात या तरतुदीचा आशय, तिचे गणित, तिच्यासाठी लागणारा पुरावा आणि बदललेल्या कररचनेत तिचे उरलेले महत्त्व यांचे विवेचन केले आहे. या विवेचनाचे सूत्र एकच आहे : ही सवलत भत्त्याला नसून भाड्याच्या ओझ्याला आहे. हे सूत्र ध्यानात ठेवले की नियमांतील बहुतेक बारकावे आपोआप उलगडतात.

तरतुदीचा आशय

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१३ए) मध्ये घरभाडे भत्त्यावरील करमुक्ततेची तरतूद आहे आणि तिची मोजणी आयकर नियम, १९६२ मधील नियम २ए प्रमाणे होते. आयकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी ३१ मार्च २०२६ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. म्हणून या लेखातील कलमे, मर्यादा आणि उदाहरणे २०२५-२६ या आर्थिक वर्षास अनुसरून दिली आहेत.

नियम २ए प्रमाणे पुढील तीन रकमांपैकी जी सर्वात लहान असेल तेवढाच भत्ता करमुक्त ठरतो :

१. संबंधित काळात प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता.
२. प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम.
३. घर मुंबई, कोलकाता, दिल्ली वा चेन्नई येथे असल्यास वेतनाचे ५० टक्के. अन्यत्र असल्यास वेतनाचे ४० टक्के.

या तिन्ही रकमांमागील भूमिका वेगवेगळी आहे. पहिली रक्कम सांगते की जे मिळालेच नाही त्यावर सवलत नाही. तिसरी रक्कम अवाजवी भाड्यास आळा घालते. खरे मर्म दुसऱ्या रकमेत आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या वेतनाचा दहावा हिस्सा निवाऱ्यावर स्वतः खर्च करावा, त्यापलीकडे जाणारा भार मात्र करातून वगळावा, असा तिचा अर्थ आहे. ज्याचे भाडे वेतनाच्या दहा टक्क्यांच्या आत आहे त्याच्यावर कायद्याच्या दृष्टीने भाड्याचे ओझेच नाही. म्हणून त्याला सवलतही नाही.

'वेतन' या शब्दाची व्याप्ती

वरील मोजणीत 'वेतन' हा शब्द दोनदा येतो आणि तेथेच अनेकांची गल्लत होते. या नियमापुरते वेतन म्हणजे मूळ वेतन आणि, सेवाशर्तींत तशी तरतूद असल्यास, महागाई भत्ता. उलाढालीच्या ठरावीक टक्केवारीने मिळणारे कमिशनही त्यात धरले जाते. इतर सर्व भत्ते आणि सुविधा वगळल्या जातात.

शासकीय सेवेत महागाई भत्ता निवृत्तिलाभांच्या हिशेबात धरला जात असल्याने तो या व्याख्येत येतो. खासगी क्षेत्रात पुष्कळ ठिकाणी महागाई भत्ता हा स्वतंत्र घटक नसतोच. तेथे केवळ मूळ वेतन विचारात घ्यावे लागते. परिणामी एकूण पगार सारखा असूनही मूळ वेतन कमी आणि 'विशेष भत्ता' अधिक अशी रचना असलेल्या कर्मचाऱ्याची दहा टक्क्यांची पायरी खाली येते. मात्र त्याच वेळी त्याची ४० वा ५० टक्क्यांची कमाल मर्यादाही खाली येते.

शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत येथे एक विसंगती उद्भवते. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यास घरभाडे भत्ता केवळ मूळ वेतनावर मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत जानेवारी २०२४ पासून त्याचे दर 'एक्स', 'वाय' आणि 'झेड' वर्गांतील शहरांसाठी अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. सवलतीतून वजा होणारे दहा टक्के मात्र मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर मोजले जातात. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे नवी वेतनरचना सुरू होताना, महागाई भत्ता शून्य होता; जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. ६०,००० रुपये मूळ वेतनावर ही वजावटीची पायरी ६,००० रुपयांवरून ९,४८० रुपयांवर गेली. याचा अर्थ असा की, महागाईची भरपाई म्हणून मिळणारा भत्ता जसजसा वाढतो तसतशी, भाडे तेवढेच राहिल्यास, घरभाड्यावरील सवलत घटत जाते.

एकच वेतन, तीन गावे

हे गणित उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. केंद्र शासनाच्या सेवेतील समान वेतनाचे तीन कर्मचारी कल्पू. एक मुंबईत, दुसरा नाशिक येथे, तर तिसरा कराड येथे नेमणुकीस आहे. तिघेही भाड्याच्या घरात राहतात. प्रत्येकाचे मूळ वेतन ६०,००० रुपये असून सोयीसाठी महागाई भत्ता वर्षभर ५५ टक्के, म्हणजे ३३,००० रुपये, असल्याचे गृहीत धरले आहे.

तक्ता क्र. १ : करमुक्त घरभाडे भत्त्याची मासिक मोजणी (रुपये)

| तपशील | मुंबई | नाशिक | कराड |
|---|---|---|---|
| वेतन (मूळ + महागाई भत्ता) | ९३,००० | ९३,००० | ९३,००० |
| दिलेले भाडे | ३०,००० | १४,००० | ८,००० |
| (१) मिळालेला घरभाडे भत्ता | १८,००० | १२,००० | ६,००० |
| (२) भाडे वजा वेतनाचे १० टक्के | २०,७०० | ४,७०० | शून्य |
| (३) वेतनाचे ५० वा ४० टक्के | ४६,५०० | ३७,२०० | ३७,२०० |
| करमुक्त भत्ता | १८,००० | ४,७०० | शून्य |
| करपात्र भत्ता | शून्य | ७,३०० | ६,००० |

तक्त्यातील कराडचा स्तंभ विशेष लक्षणीय आहे. तेथील कर्मचारी दरमहा ६,००० रुपये भत्ता घेऊन ८,००० रुपये भाडे देतो. म्हणजे पदरचे २,००० रुपये घालतो. तरीही त्याचे भाडे ९,३०० रुपयांच्या पायरीखाली असल्याने त्याचा संपूर्ण भत्ता करपात्र ठरतो. त्याने बारा महिन्यांच्या पावत्या नीट चिकटवून दिल्या तरी सवलत शून्यच. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांना 'पावत्या देऊनही कर का कापला' असा जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर बहुधा येथे असते.

दुसरी लक्षणीय बाब तिसऱ्या रकमेविषयी आहे. ४० टक्के की ५० टक्के, यावर बरीच चर्चा होते. पुणे शहर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या भत्त्यासाठी 'एक्स' वर्गात असूनही १९६२ च्या नियमांत ते ४० टक्क्यांच्या गटात राहिले, याविषयी पुणेकर पगारदारांमध्ये नाराजी असे. तथापि, शासकीय कर्मचाऱ्याचा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांहून अधिक नसल्याने ही मर्यादा त्याच्या वाटेत येत नाही. ज्या खासगी आस्थापनांत भत्ता मूळ वेतनाच्या निम्मा असतो आणि भाडेही मोठे असते, तेथेच या फरकाला अर्थ प्राप्त होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वेतनासाठी शहरांची यादी नव्या कायद्याखालील नियमांतूनच पाहिली पाहिजे. जुन्या यादीवर विसंबून चालणार नाही.

वर्षभरात वेतन, भत्ता, भाडे किंवा गाव यांपैकी काहीही बदलल्यास प्रत्येक कालखंडाची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते. जूनमध्ये बदली होऊन नाशिकहून मुंबईस आलेल्या कर्मचाऱ्याने वर्षाची सरासरी काढणे चुकीचे होईल. त्याचप्रमाणे ज्या महिन्यांत भाडे दिलेले नाही त्या महिन्यांचा भत्ता पूर्णतः करपात्र असतो.

हक्क कोणाचा, कोणत्या घरासाठी

सवलतीसाठी दोन अटी मूलभूत आहेत. कर्मचारी ज्या घरात राहतो ते त्याच्या स्वतःच्या मालकीचे नसावे आणि त्याने त्या घराचे भाडे प्रत्यक्ष दिलेले असावे. या दोन अटींतून व्यवहारातील पुढील प्रश्नांची उत्तरे मिळतात.

अन्यत्र स्वतःचे घर असल्यास : सोलापुरात स्वतःचे घर असलेला कर्मचारी नोकरीनिमित्त पुण्यात भाड्याने राहत असेल, तर तो सवलतीस पात्र आहे. राहते घर मालकीचे नसावे, एवढीच अट आहे. सोलापूरच्या घरावर गृहकर्ज असल्यास त्यावरील व्याजाची वजावटही तो जुन्या करप्रणालीत स्वतंत्रपणे मागू शकतो.

नोकरी एका शहरात व घर दुसऱ्या शहरात असल्यास : ५० की ४० टक्के, हे घराच्या ठिकाणावरून ठरते, कार्यालयाच्या ठिकाणावरून नव्हे. कल्याणला राहून रोज मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या कर्मचाऱ्यास ४० टक्क्यांची मर्यादा लागू होते.

पती-पत्नी दोघेही नोकरीत असल्यास : दोघांनी मिळून भाडे भरले असेल तर प्रत्येकाने आपण प्रत्यक्ष दिलेल्या हिश्शापुरती सवलत मागावी. एकाच भाड्यावर दोघांनीही पूर्ण दावा करणे नियमबाह्य आहे.

आई-वडिलांच्या घरात राहत असल्यास : घर त्यांच्या मालकीचे असेल आणि भाडे खरोखर दिले जात असेल तर सवलत मिळण्यास कायद्याने आडकाठी नाही. मात्र व्यवहार खरा असला पाहिजे. वडिलांना वर्षभरात १,२०,००० रुपये भाडे दिले, तर ते त्यांचे घरमिळकतीपासूनचे उत्पन्न ठरते. ३० टक्के वजावटीनंतर ८४,००० रुपये त्यांच्या उत्पन्नात दाखवावे लागतात. मुलाने सवलत घ्यायची आणि वडिलांच्या विवरणपत्रात त्या भाड्याचा मागमूस नसायचा, ही विसंगती दावा संशयास्पद ठरवते. मुंबई येथील आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये आईस रोखीने भाडे दिल्याचा एक दावा विश्वासार्ह पुराव्याअभावी अमान्य केला होता. नाते हा अडथळा नव्हता. व्यवहाराचा पुरावा नव्हता.

अनामत रक्कम, वीजबिल आणि घरदुरुस्तीचा खर्च यांना भाडे म्हणता येत नाही. अनामत परत मिळणारी असते, तर वीजबिल हे वापराचे मूल्य असते; म्हणून त्यांचा समावेश दाव्यात करू नये.

पुराव्याचे स्वरूप

भाडेपावती हा पुरावा आहे, परंतु तो एकमेव नव्हे आणि स्वयंसिद्धही नव्हे. पावतीवर भाडेकरूचे नाव, घराचा पत्ता, कालावधी, रक्कम आणि घरमालकाची स्वाक्षरी असावी. ५,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या रोख भाड्याच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावणे आवश्यक असते. भाडे बँकेमार्फत वा धनादेशाने दिल्यास खातेपुस्तकातील नोंद हा पावतीपेक्षाही भक्कम आधार ठरतो.

१ जून २०१६ पासून कर्मचाऱ्याने नियोक्त्याकडे दावा सादर करण्यासाठी नमुना १२बीबी विहित झाला. १९६१ च्या कायद्याखालील या नमुन्यात भाड्याची रक्कम, घरमालकाचे नाव व पत्ता द्यावा लागे आणि वार्षिक भाडे एक लाख रुपयांपेक्षा अधिक असल्यास घरमालकाचा पॅन क्रमांकही नमूद करावा लागे. एक लाखाची ही मर्यादा महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये इतकी होते. त्यामुळे शहरातील जवळजवळ प्रत्येक भाडेकरू तिच्या कक्षेत येतो. ज्यांना दरमहा ३,००० रुपयांपर्यंतच घरभाडे भत्ता मिळतो त्यांच्याकडून नियोक्त्याने पावती मागू नये अशी मुभा होती. तथापि, ती केवळ करकपातीपुरती होती. करनिर्धारण अधिकाऱ्याने मागितल्यास भाडे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच राहते.

भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे हे केवळ आयकरासाठी आवश्यक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाडेपट्टा अथवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकावर आहे. प्रत्यक्षात लहान गावांत तोंडी करार आणि रोख भाडे हीच रीत आढळते. स्वतःचे उत्पन्न उघड होईल या धास्तीने घरमालक पॅन क्रमांक देण्यास किंवा पावतीवर सही करण्यास टाळाटाळ करतो आणि त्याची किंमत भाडेकरूला मोजावी लागते. घर बदलणे सोपे नसल्याने भाडेकरू सहसा वाद घालत नाही. कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहतो. यावर व्यवहार्य मार्ग एकच : घर घेतानाच नोंदणीकृत करार, बँकेमार्फत भाडे आणि पॅन या तीन गोष्टी बोलून ठरवाव्यात, वर्षअखेरीस मागणी करू नये.

दरमहा ५०,००० रुपयांपेक्षा अधिक भाडे देणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी आहे. कलम १९४-आयबी अन्वये अशा व्यक्तीने भाड्यातून करकपात करून ती रक्कम शासनाकडे भरली पाहिजे. १ जून २०१७ पासून लागू झालेल्या या तरतुदीत कपातीचा दर ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के करण्यात आला. दरमहा ५५,००० रुपये भाड्यावर वर्षअखेरीस १३,२०० रुपयांची कपात करावी लागते. सवलत मागताना सहा लाखांहून अधिक भाडे दाखवायचे आणि कपात मात्र करायची नाही, असे दोन व्यवहार आज शासनाच्या संगणकीय माहितीत शेजारी शेजारी दिसतात.

खोट्या पावत्यांचा मोह आणि त्याची किंमत

नातेवाइकाच्या नावाने पावत्या तयार करणे, दुसऱ्याचा पॅन क्रमांक लिहिणे किंवा प्रत्यक्षाहून अधिक भाडे दाखवणे हे प्रकार 'सगळेच करतात' या सबबीखाली चालत आले. संगणकीकरणानंतर कर्मचाऱ्याने दाखवलेले भाडे आणि त्याच पॅनधारकाने विवरणपत्रात दाखवलेले भाडे यांची तुलना करणे सोपे झाले आहे. अशा तफावतीची काही प्रकरणे तपासली गेल्यानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये सरसकट जुनी प्रकरणे पुन्हा उघडण्याची मोहीम नसल्याचा खुलासा केला. त्यामुळे प्रामाणिक कर्मचाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु माहितीची पडताळणी होते, हेही त्या खुलाशातून स्पष्ट झाले.

१९६१ च्या कायद्यातील कलम २७०ए प्रमाणे उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, तर चुकीची माहिती देऊन ते कमी दाखवल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो. बनावट पावती दुसऱ्या प्रकारात मोडते. दहा हजार रुपये कर वाचवण्यासाठी केलेला खोटा दावा उघडकीस आल्यास मूळ कर, व्याज आणि वीस हजारांपर्यंत दंड असा भुर्दंड पडू शकतो.

मुदत उलटल्यास हक्क जातो काय?

कार्यालयाने दिलेली फेब्रुवारीची तारीख ही कायद्याची मुदत नसून वेतनातून करकपात निश्चित करण्यासाठी कार्यालयाने आखलेली सोय आहे. त्या तारखेस पावत्या न दिल्यास अधिक कर कापला जातो, एवढेच. कर्मचारी जुनी करप्रणाली निवडून स्वतःच्या विवरणपत्रात सवलतीचा दावा करू शकतो आणि जादा कापलेला कर परत मिळवू शकतो. मात्र विवरणपत्र विहित मुदतीत भरणे येथे निर्णायक ठरते. मुदतीनंतर भरलेल्या विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडता येत नाही आणि तिच्यासोबत घरभाड्याची सवलतही जाते. पावत्या, करार आणि बँकेच्या नोंदी विवरणपत्रासोबत जोडायच्या नसल्या, तरी त्या जपून ठेवल्या पाहिजेत.

जुनी करप्रणाली की नवी?

येथवरचे सर्व विवेचन जुन्या करप्रणालीस लागू आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून कलम ११५बीएसी खाली पर्यायी करप्रणाली उपलब्ध झाली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली मानली जाऊ लागली. तीत दर कमी आहेत, पण घरभाडे भत्त्याची सवलत नाही. व्यावसायिक उत्पन्न नसलेल्या पगारदारास दोहोंपैकी एकीची निवड दरवर्षी करता येते. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो आणि वेतनातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. जुन्या प्रणालीत ही वजावट ५०,००० रुपये असून संपूर्ण सूट ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नासच आहे.

मागील तीन कर्मचाऱ्यांचे वार्षिक गणित मांडून पाहू. जुन्या प्रणालीत प्रत्येकाने प्रमाणित वजावट, २,५०० रुपये व्यवसाय कर आणि कलम ८०सी खालील १,५०,००० रुपयांची वजावट घेतली असे मानले आहे. करात ४ टक्के उपकर धरला आहे.

तक्ता क्र. २ : दोन्ही प्रणालींतील वार्षिक कर, २०२५-२६ (रुपये)

| तपशील | मुंबई | नाशिक | कराड |
|---|---|---|---|
| एकूण वेतन व भत्ते | १३,३२,००० | १२,६०,००० | ११,८८,००० |
| करमुक्त घरभाडे भत्ता (जुनी) | २,१६,००० | ५६,४०० | शून्य |
| करपात्र उत्पन्न (जुनी) | ९,१३,५०० | १०,०१,१०० | ९,८५,५०० |
| कर (जुनी) | ९९,०१० | १,१७,३४० | १,१३,९८० |
| करपात्र उत्पन्न (नवी) | १२,५७,००० | ११,८५,००० | ११,१३,००० |
| कर (नवी) | ५९,२८० | शून्य | शून्य |

मुंबईच्या कर्मचाऱ्याचे नव्या प्रणालीतील उत्पन्न १२ लाखांहून ५७,००० रुपयांनी अधिक असल्याने सीमांत सवलतीमुळे त्याचा कर तेवढ्याच रकमेपुरता मर्यादित राहतो. त्यावर उपकर मिळवून ५९,२८० रुपये होतात.

या तक्त्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जुन्या प्रणालीत सर्वाधिक वेतन घेणाऱ्या मुंबईच्या कर्मचाऱ्याचा कर सर्वात कमी आहे, कारण त्याचे भाड्याचे ओझे सर्वात मोठे आहे. सवलतीने आपले काम चोख बजावले आहे. दुसरा निष्कर्ष असा की, तरीही तिघांनाही नवी प्रणालीच लाभदायक आहे. नाशिकच्या कर्मचाऱ्याने ५६,४०० रुपयांच्या सवलतीसाठी जुन्या प्रणालीचा आग्रह धरला, तर शून्य कराऐवजी तो एक लाख सतरा हजार रुपये भरेल. सवलत मिळवणे आणि कर वाचवणे या दोन गोष्टी एकच नव्हेत.

मोठे वेतन आणि मोठे भाडे असलेल्यांसाठी चित्र थोडे वेगळे आहे. मुंबईतील खासगी नोकरीत दरमहा १,००,००० रुपये मूळ वेतन, ५०,००० घरभाडे भत्ता, ५०,००० इतर भत्ते आणि ५५,००० रुपये भाडे असलेल्या व्यक्तीस वार्षिक ५,४०,००० रुपयांची सवलत मिळते. वरीलप्रमाणेच इतर वजावटी धरल्यास तिचा जुन्या प्रणालीतील कर ३,२२,१४० रुपये आणि नव्यातील २,९२,५०० रुपये होतो. परंतु राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे ५०,००० रुपये आणि स्वतःच्या व ज्येष्ठ नागरिक आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे मिळून ७५,००० रुपये अशा आणखी सव्वा लाखाच्या वजावटी असतील, तर जुना कर २,८३,१४० रुपयांवर येतो आणि जुनी प्रणाली किंचित सरस ठरते. म्हणजेच आजच्या रचनेत केवळ घरभाड्याच्या बळावर जुनी प्रणाली क्वचितच तरते. तिला इतर वजावटींची साथ लागते.

भत्ताच मिळत नसल्यास

तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक, कंत्राटी कर्मचारी आणि लहान आस्थापनांतील नोकरदार यांना भाडे द्यावे लागते, पण घरभाडे भत्ता मिळत नाही. जुन्या प्रणालीत त्यांच्यासाठी कलम ८०जीजी आहे. दरमहा ५,००० रुपये, एकूण उत्पन्नाचे २५ टक्के, आणि एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक दिलेले भाडे, यांपैकी सर्वात लहान रकमेची वजावट त्यांना मिळते. उदाहरणार्थ, ६,००,००० रुपये उत्पन्न आणि वार्षिक ९६,००० रुपये भाडे असल्यास ३६,००० रुपयांची वजावट मिळेल. त्यासाठी नमुना १०बीए मध्ये घोषणापत्र द्यावे लागते. दरमहा पाच हजारांची मर्यादा शहरातील भाड्यांच्या मानाने तोकडी आहे. ज्याच्या नोकरीला स्थैर्य नाही त्याच्या भाड्याची दखल कायदाही हात आखडता ठेवूनच घेतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

समारोप

घरभाडे भत्त्यावरील सवलत ही वेतनाचा दहावा हिस्सा ओलांडणाऱ्या भाड्याची कायद्याने घेतलेली नोंद आहे. म्हणून पावत्या गोळा करण्यापूर्वी कर्मचाऱ्याने तीन आकडे कागदावर मांडावेत : आपले वेतन, आपला भत्ता आणि आपले भाडे. भाडे वेतनाच्या दहा टक्क्यांखाली असेल तर पुढील खटाटोप व्यर्थ आहे. ते अधिक असेल तर दोन्ही प्रणालींतील कर काढून पाहावा आणि मगच जुनी प्रणाली निवडावी. निवडली तर करार, बँकेची नोंद आणि घरमालकाचा पॅन यांसह खरा दावा मुदतीत करावा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वेतनासाठी नव्या कायद्यातील 'कर वर्ष' ही संज्ञा, नवी कलमे आणि नवे नमुने विचारात घ्यावे लागतील. मात्र सवलतीमागील तत्त्व तेच आहे.

नव्या करप्रणालीने हिशेब सोपा केला आणि मध्यम वेतनाच्या असंख्य कर्मचाऱ्यांना करातून मुक्त केले, हे मान्य करावे लागेल. तथापि, तिच्यात एक भेद पुसला गेला आहे. एकाच कार्यालयात, एकाच वेतनावर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन सहकाऱ्यांपैकी एक वडिलोपार्जित घरात राहतो आणि दुसरा पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात घालतो. जुनी तरतूद त्या दोघांना वेगळे मानत होती. नव्या प्रणालीला ते दोघे सारखेच दिसतात. बदलीच्या गावी, परक्याच्या घरात संसार मांडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. करदरांची चर्चा करताना त्याचाही विचार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.